पहिला रुग्ण कोण ओळखणार?

अमेरिकेतला जैविक दहशतवादाचा पहिला मोठा हल्ला ज्या पंथाच्या लोकांनी केला, त्याचा मुक्काम काही वर्षं आधी पुण्यात कोरेगाव पार्कला होता. १९८१ साली भगवान रजनीश पुण्याहून अमेरिकेला गेले. ओरेगॉन राज्यातल्या डोंगराळ, कोरड्या भागात त्यांच्या शिष्यांनी सुमारे ६४ हजार एकरांचं रान विकत घेतलं आणि तिथे रजनीशपुरम वसवलं. जमिनीचा वापर, बांधकामाचे परवाने, लोकसंख्या अशा एकेका मुद्द्यावरून वास्को काउंटीच्या प्रशासनाशी त्यांचे खटके उडू लागले. नोव्हेंबर १९८४ मध्ये काउंटीची निवडणूक होती. कारभार हातात घ्यायचा तर ती जिंकायला हवी होती, पण आश्रमवासीयांची मतं पुरेशी नव्हती. तेव्हा बाकीचे मतदार मतदानालाच येऊ नयेत, असा बेत रजनीशांची सचिव माँ आनंद शीला आणि तिच्या जवळच्या काही जणांनी आखला.

त्या काउंटीचं मुख्य गाव द डॅल्स. कोलंबिया नदीकाठचं, दहाएक हजार वस्तीचं. सप्टेंबर १९८४ मध्ये तिथल्या दहा उपाहारगृहांत जेवलेले लोक जुलाब, उलट्या, ताप यांनी आडवे होऊ लागले. कापलेल्या भाज्या आणि कोशिंबिरी गिऱ्हाइकांनी स्वतः वाढून घ्यायच्या, अशी मांडणी तिथल्या उपाहारगृहांत असते. त्याच पदार्थांत साल्मोनेला जीवाणू मिसळले गेले होते. एकूण ७५१ लोक आजारी पडले, ४५ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं. कुणी दगावलं नाही. मतदानाच्या दिवशी करायच्या मोठ्या हल्ल्याची ही रंगीत तालीम होती. तो हल्ला पुढे झाला नाही.

मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. अमेरिकेची आरोग्य यंत्रणा तेव्हाही जगात अव्वल मानली जायची. ओरेगॉनचे आणि केंद्राच्या रोग नियंत्रण संस्थेचे, म्हणजे सीडीसीचे तज्ज्ञ तपासाला आले. शेकडो रुग्णांना त्यांनी काय खाल्लं, कुठे खाल्लं हे विचारलं. पाण्याचे आणि दुधाचे नमुने तपासले, भाजीपाला कुठून येतो तिथपर्यंत माग काढला. दहाही ठिकाणांना जोडणारा एकही पुरवठादार सापडला नाही. शेवटी त्यांनी निष्कर्ष काढला की स्वयंपाकघरातल्या कर्मचाऱ्यांच्या अस्वच्छ हातांमुळे साथ पसरली असावी. मुद्दाम कुणी केलं असेल ही शक्यता त्यांनी विचारात घेतली होती आणि बाजूला ठेवली होती. कुणी जबाबदारी घेतली नव्हती, कुणाला काही करताना पाहिलं नव्हतं, आणि इतक्या विचित्र कारणासाठी कुणी असं करेल हे पटण्यासारखं नव्हतं.

वर्षभराने पंथातच फूट पडली. सप्टेंबर १९८५ मध्ये शीला युरोपात निघून गेली आणि खुद्द रजनीशांनी पत्रकार परिषद घेऊन तिच्या गटावर विषप्रयोगाचे आरोप केले. मग झडती झाली. रजनीशपुरमच्या प्रयोगशाळेत साल्मोनेलाची कुपी मिळाली आणि त्यातला जीवाणू द डॅल्सच्या रुग्णांमध्ये सापडलेल्या जीवाणूशी तंतोतंत जुळला. जुळवून पाहता आला, कारण आदल्या वर्षी प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्यांनी रुग्णांचे जीवाणू वेगळे करून, त्यांची जात ठरवून, जपून ठेवले होते. कुणाला साथ मुद्दाम पसरवल्याचा संशय नसताना, नेमाचं काम म्हणून केलेल्या त्या नोंदींनी गुन्हा सिद्ध करायला मदत केली. या तपासाचा सविस्तर शोधनिबंध १९९७ साली, तब्बल बारा वर्षांनी छापला गेला. इतरांना त्यातून कल्पना सुचू नये म्हणून तो अडवून ठेवला होता.

जैविक हल्ला म्हटलं की आपल्याला चित्रपटातले हिरव्या धुराचे लोट दिसतात, भोंगे वाजताना ऐकू येतात. प्रत्यक्षात असा हल्ला दवाखान्याच्या बाकावर येऊन बसतो. बॉम्ब फुटल्यावर पोलिस सर्वांत आधी पोचतात. रोगजंतू पसरवले तर काही दिवस काहीच घडत नाही, आणि मग वेगवेगळ्या दवाखान्यांत, वेगवेगळ्या डॉक्टरांसमोर, साध्या तापाचे आणि खोकल्याचे रुग्ण येऊ लागतात. ती साथ निसर्गाने आणली, प्रयोगशाळेतून निसटली की कुणी मुद्दाम सोडली, हे त्या घडीला कुणालाच कळत नाही. कळण्याची गरजही पहिल्या दिवशी नसते. रुग्ण वेगळा आहे हे लक्षात येणं, नमुना योग्य ठिकाणी जाणं, संपर्कातल्या माणसांना गाठणं, त्यांनी आपल्यावर विश्वास ठेवणं, ही कामं तिन्ही प्रसंगी सारखीच आहेत. म्हणून महासाथींनी शिकवलेलं सगळं इथे जसंच्या तसं लागू पडतं.

निसटण्याचं उदाहरणही खरं आहे. एप्रिल १९७९ मध्ये सोव्हिएत संघातल्या स्वेर्दलोव्स्क शहरात लष्करी आवारातून अँथ्रॅक्सचे बीजाणू हवेत गेले आणि किमान ६६ माणसं मेली. आपल्याकडे शेतकरी जनावरांच्या ज्या रोगाला फाशी म्हणतात, तोच हा. दूषित मांस खाल्ल्याने माणसं मेली, असं सोव्हिएत सरकार सांगत राहिलं. १९९२ साली बोरिस येल्त्सिन यांनी लष्कराचा दोष मान्य केला. जैविक अस्त्रांवर बंदी घालणारा करार १९७५ सालीच अमलात आला होता आणि सोव्हिएत संघ त्याचा एक प्रवर्तक होता. आजही त्या करारात तपासणीची सक्ती नाही. रासायनिक अस्त्रांसाठी निरीक्षक आहेत, कारखान्यात शिरून पाहण्याचा अधिकार आहे. जैविक अस्त्रांसाठी यातलं काहीच नाही. इतक्या गंभीर विषयाला जगाने इतकं हलकं घ्यावं याची मला चीड येते.

हे अस्त्र वापरणं सोपं नाही, हेही सांगितलं पाहिजे. नाहीतर भीतीचाच प्रसार होतो. जपानच्या ओम शिनरिक्यो पंथाकडे पैसा होता, उच्चशिक्षित शास्त्रज्ञ होते. १९९३ साली त्यांनी तोक्योत अँथ्रॅक्स फवारला. शेजाऱ्यांनी दुर्गंधीची तक्रार केली, पण आजारी कुणीच पडलं नाही. पुढे १९९५ साली भुयारी रेल्वेत माणसं मारण्यासाठी त्यांनी वापरला तो सरीन हा रासायनिक वायू. पण १९९३ नंतर विज्ञान पुष्कळ पुढे गेलं. २००२ साली अमेरिकेतल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात एकार्ट विमर यांच्या गटाने पोलिओचा विषाणू निव्वळ त्याच्या जनुकीय माहितीवरून प्रयोगशाळेत जुळवून दाखवला. १९८० साली जगातून संपल्याचं जाहीर झालेल्या देवीच्या विषाणूचे अधिकृत साठे आज अटलांटा आणि रशियातलं कोल्त्सोवो या दोनच ठिकाणी आहेत. मात्र विषाणू कुलूपबंद ठेवले म्हणजे प्रश्न मिटला, ही खात्री आता देता येत नाही. जनुकीय तुकडे विकणाऱ्या कंपन्यांनी गिऱ्हाईक कोण आणि मागणी कशाची हे तपासण्याचा कायदा प्रत्येक देशात असायला हवा.

पहिला रुग्ण ओळखणं किती मोलाचं असतं याचा वस्तुपाठ २००१ साली फ्लोरिडात मिळाला. अमेरिकेवरच्या विमानहल्ल्यांना तीन आठवडे झाले होते. २ ऑक्टोबरला ६३ वर्षांचे एक छायाचित्र संपादक तापाने भ्रमिष्ट अवस्थेत रुग्णालयात आले. मेंदूज्वरासारखी लक्षणं होती, असे रुग्ण रोज येतात. पण डॉ. लॅरी बुश यांनी पाठीच्या मणक्यातलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर त्यात काठीसारखे लांबट जीवाणू दिसले. आयुष्यात अँथ्रॅक्सचा रुग्ण न पाहिलेल्या या डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला आणि नमुना राज्याच्या प्रयोगशाळेत पाठवला. ४ ऑक्टोबरला निदान पक्कं झालं. ती प्रयोगशाळा दोनच वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या देशव्यापी जाळ्यातली होती, आणि तिथल्या माणसांना याच चाचणीचं प्रशिक्षण मिळालेलं होतं. रुग्ण दुसऱ्याच दिवशी गेला. पण देशाला धोक्याची सूचना मिळाली. पाकिटांतून पाठवलेल्या अँथ्रॅक्सच्या भुकटीने एकूण २२ जणांना गाठलं आणि ५ जणांचा बळी घेतला. सुमारे दहा हजार माणसांना प्रतिजैविकं घ्यायला सांगितलं गेलं.

याच प्रकरणात एक मोठा अन्यायही घडला. सिनेटर टॉम डॅशल यांच्या कार्यालयात १५ ऑक्टोबरला पाकीट उघडलं गेलं, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांची लगेच तपासणी झाली, औषधं सुरू झाली. ते पाकीट ज्या ब्रेंटवुड टपाल केंद्रातून आलं, तिथे मात्र काम चालूच राहिलं. बंद पाकिटातून बीजाणू बाहेर पडणार नाहीत, असं अधिकाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. यंत्रांच्या दाबाने ते पडले. केंद्र २१ तारखेला बंद झालं आणि त्या व पुढच्या दिवशी तिथले दोन कर्मचारी मेले. संसदेतली माणसं वाचली, टपाल वर्गीकरण करणारी मेली. पुढे एफबीआयने लष्कराच्याच फोर्ट डेट्रिक संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ ब्रूस आयव्हिन्स यांना या हल्ल्यांसाठी जबाबदार धरलं. खटला उभा राहण्याआधी, २००८ साली त्यांनी आत्महत्या केली. केवळ वैज्ञानिक पुराव्यावरून त्या भुकटीचं मूळ ठामपणे सांगता येत नाही, असं नंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने म्हटलं.

आता आपल्या घरात डोकावू. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात पडक्या घरांतून धान्य तसंच राहिलं आणि उंदीर माजले. पुढच्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडू लागले, पिसवा वाढल्या, आणि माणसांच्या जांघेत गाठी येऊ लागल्या. १९६६ नंतर देशात प्लेगचा रुग्ण नोंदवला गेला नव्हता. त्यामुळे त्याच्यावरची पाळतही ढिली झाली होती. महिन्याभरात सुरतमध्ये फुफ्फुसाच्या प्लेगने माणसं मरू लागली.

सुरतेत रोगापेक्षा घबराट वेगाने धावली. लाखो लोक रेल्वेने, बसने, मिळेल त्या वाहनाने शहर सोडून गेले. त्यांत अनेक खासगी डॉक्टरही होते. प्लेगवरचं टेट्रासायक्लिन दुकानांतून गायब झालं. मुंबईच्या स्थानकांवर सुरतेहून येणाऱ्यांची तपासणी सुरू झाली. अनेक देशांनी भारतातली विमानं थांबवली, निर्यात अडली. नुकसानीचा अंदाज सुमारे दोन अब्ज डॉलरचा होता. मृत्यू होते पन्नास-पंचावन्न. हा नक्की प्लेगच आहे का, यावर तज्ज्ञांचा वाद महिनोन्‌महिने चालला, कारण जीवाणू वेगळा करून खात्री देण्याची तयारी वेळेवर नव्हती. त्या पोकळीत अफवा शिरल्या. हा परक्या देशाचा कट असल्याचीही चर्चा झाली. उत्तर द्यायला प्रयोगशाळा सज्ज नसेल तर नैसर्गिक साथीलाही हल्ल्याचं रूप येतं, आणि उद्या खरोखरच हल्ला झाला तर तो साथ म्हणून खपून जाईल.

सुरतेनंतर दोन गोष्टी घडल्या. एस. आर. राव यांच्यासारख्या आयुक्ताने दीड-दोन वर्षांत ते शहर इतकं स्वच्छ केलं की देशभर दाखला दिला जाऊ लागला. आणि केंद्र सरकारने साथरोगांवर नजर ठेवण्याचा कार्यक्रम आखला, ज्यातून २००४ साली एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम उभा राहिला. उपकेंद्रातली एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका, ताप-खोकल्याचे आकडे भरते, प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर संशयित निदान कळवतो, प्रयोगशाळा पक्कं निदान कळवते, आणि जिल्ह्याचा अधिकारी त्यात काही वेगळं दिसतंय का ते पाहतो. दिसायला कंटाळवाणं काम आहे. द डॅल्सचा गुन्हा अशाच कंटाळवाण्या कामामुळे सिद्ध झाला.

नजर तयार झाली की किती फरक पडतो ते निपाह विषाणूने दाखवलं. २००१ च्या सुरुवातीला सिलीगुडीत एक अज्ञात ताप आला. ६६ रुग्ण, त्यांतले ४५ दगावले. बहुतेकांना लागण रुग्णालयात झाली होती. तो निपाह होता हे काही वर्षांनी, साठवलेल्या नमुन्यांवरून कळलं. मे २०१८ मध्ये केरळात कोळिकोडच्या एका खासगी रुग्णालयात मेंदूज्वराचा तरुण रुग्ण आला. त्याचा भाऊ तशाच आजाराने नुकताच गेला होता. डॉक्टरांना संशय आला, नमुना मणिपालच्या प्रयोगशाळेत गेला, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयव्हीने, त्यावर शिक्कामोर्तब केलं. काही दिवसांत निदान, मग संपर्कांचा माग. १७ माणसं गेली, त्यांत रुग्णसेवा करणारी परिचारिका लिनी पुतुश्शेरी होती. पण साथ तिथेच थांबली.

एवढं तंत्र असूनही लोकांचा विश्वास नसेल तर साथ रोखता येत नाही, आणि याची किंमत पुण्याइतकी कुणाला ठाऊक नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गोव्याचे सुपुत्र डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. निदान होतं, लस येत होती. पण पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घरात घुसले, देव्हाऱ्यापर्यंत गेले, बायाबापड्यांची तपासणी भर रस्त्यात झाली. लोक रुग्ण लपवू लागले. २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांना उचलून मुलाच्या, डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात नेत होत्या. त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्याच वर्षी झालेला साथरोग कायदा सरकारला अमर्याद अधिकार देत होता. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा आपण तोच कायदा बाहेर काढला.

धारावीने मात्र २०२० मध्ये वेगळा रस्ता दाखवला. अडीच चौरस किलोमीटरच्या आत काही लाख माणसं, बहुतेकांना सामुदायिक शौचालय. तिथे घरात विलग राहा म्हणण्याला अर्थ नव्हता. १ एप्रिलला पहिला रुग्ण सापडल्यावर महापालिकेने रुग्ण येण्याची वाट न पाहता गल्लोगल्ली ताप तपासणी सुरू केली आणि वस्तीतल्या खासगी डॉक्टरांना सोबत घेतलं. ज्यांच्याकडे लोक वर्षानुवर्षं औषधाला जातात, तेच डॉक्टर दारात आल्यावर माणसं लपली नाहीत. विलगीकरणात जेवणाची सोय होती. जुलैत तिथले रोजचे नवे रुग्ण बोटांवर मोजण्याइतके झाले. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या लाटेने मात्र, तयारी एकदा करून ठेवायची गोष्ट नसते, हे प्राणवायूवाचून गेलेल्या माणसांच्या रूपाने सांगितलं.

आपल्याकडे विशेष यंत्रणा आहेत आणि त्या चांगल्या आहेत. पुण्यात पाषाणला सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा आहे, ग्वाल्हेरला संरक्षण खात्याची संस्था रासायनिक आणि जैविक अस्त्रांपासूनच्या बचावावर काम करते, तळेगावजवळ सुदुंबऱ्याला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे. नागपुरात माणूस आणि जनावरं यांच्या आजारांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जैविक आपत्तींसाठी मार्गदर्शक तत्त्वं २००८ सालीच काढली होती. पण हे सगळं कामाला लागतं ते कुणीतरी खालून कळवल्यावर. आणि आपल्यातले बहुतेक जण ताप आला की आधी गल्लीतल्या खासगी दवाखान्यात जातात. त्या डॉक्टरांना कळवण्याची सोपी सोय आणि कळवल्यावर त्रास होणार नाही ही हमी, दोन्ही द्यायला हव्यात. पशुवैद्यकांनाही त्याच साखळीत घ्यायला हवं. फाशीने जनावर मेलं तर ते आधी त्यांनाच दिसणार आहे.

संरक्षणावर खर्च करताना आपण रणगाडे मोजतो. या धोक्याशी लढणारं सैन्य तालुक्याच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांचं, एएनएमचं, आशा कार्यकर्त्यांचं आणि जिल्हा साथरोग अधिकाऱ्याचं आहे. आपल्या ग्रामीण रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञाचं पद भरलेलं आहे का, नमुना जिल्ह्याला पोचायला किती दिवस लागतात, आठवड्याचा साथरोग अहवाल कुणी वाचतं का, हे प्रश्न ग्रामसभेत विचारा, नगरसेवकाला विचारा, आमदाराला विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.